पुण्यात गाडीचा वेग ताशी १८ किलोमीटर! मग ‘स्मार्ट सिटी’त सायकल आणि चालणं मागे का पडलं?

१० किलोमीटर अंतर. वेळ ३३ मिनिटं २२ सेकंद.

ही पुण्यातल्या गाड्यांची २०२४ सालची सरासरी आहे. ‘टॉमटॉम’ ही कंपनी दरवर्षी जगभरातल्या शेकडो शहरांमधला वाहतुकीचा वेग मोजते. त्या वर्षीच्या यादीत जगातल्या सगळ्यांत संथ शहरांमध्ये कोलकाता दुसरं, बेंगळुरू तिसरं आणि पुणे चौथं होतं.

आता साधा हिशोब करा. ३३ मिनिटांत १० किलोमीटर म्हणजे ताशी जेमतेम १८ किलोमीटर. साधी सायकल फार दम न लावता ताशी १२ ते १५ किलोमीटर जाते. म्हणजे दहा-बारा लाखांची गाडी, तिचा हप्ता, पेट्रोल, पार्किंगची शोधाशोध एवढं सगळं करून आपण सायकलवाल्याच्या थोडंसंच पुढे असतो.

मग लोक सायकल का काढत नाहीत? आणि जवळच्या कामालाही चालत का जात नाहीत?

‘लोक आळशी झालेत’ हे सोपं उत्तर आहे, पण बरोबर नाही. खरं उत्तर आपले रस्ते कोणासाठी बांधले जातात यात आहे. गंमत म्हणजे हे सरकारला माहीत नव्हतं असंही नाही. ज्या योजनेवर देशभर हजारो कोटी खर्च झाले, त्या ‘स्मार्ट सिटी मिशन’मध्ये चालणं आणि सायकल या गोष्टी पहिल्या दिवसापासून कागदावर होत्या.

मग नेमकं काय झालं? पुण्याच्या उदाहरणातून समजून घेऊ.

आधी आकडे: चालतं कोण, सायकल चालवतं कोण?

२०११च्या जनगणनेत लोकांना विचारलं गेलं की तुम्ही कामाला कसे जाता? शेती आणि घरगुती उद्योग वगळता देशात सुमारे २० कोटी कामगार होते. त्यांच्यातले जवळपास २३ टक्के चालत कामाला जात होते आणि १३ टक्के सायकलने. कार, जीप किंवा व्हॅनने जाणारे होते ३ टक्क्यांहूनही कमी.

हा आकडा जुना आहे आणि त्यानंतर दुचाक्या प्रचंड वाढल्या. पण मुद्दा कायम आहे. बसने जाणारा माणूससुद्धा स्टॉपपर्यंत चालतच जातो. मेट्रोने जाणाराही. कारवालाही पार्किंगपासून दुकानापर्यंत पायीच असतो. म्हणजे ‘पादचारी’ हा काही वेगळा गट नाही, दिवसात कधी ना कधी आपण सगळेच पादचारी असतो.

आता दुसरा आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोकांचा जीव गेला. त्यांच्यात ३२ हजार ८२५ जण पादचारी होते. जवळपास दर पाच मृत्यूंमागे एक. दिवसाला सरासरी ९० माणसं. यातला कोणी दूध आणायला निघाला होता, कोणी शाळेतून घरी येत होता, कोणी फक्त रस्ता ओलांडत होता.

हे लक्षात घेतलं की लोक ५०० मीटरसाठीही गाडी का काढतात ते कळतं. तो आळस नाही, जीव वाचवायची धडपड आहे. आणि प्रत्येक जण असा जीव वाचवायला गाडीत बसला की उरलेल्यांसाठी रस्ता आणखी धोकादायक होतो.

सायकलींचं शहर दुचाकींचं कसं झालं?

पुण्याला एकेकाळी ‘सायकलींचं शहर’ म्हणायचे. शहर लहान होतं, पेठा एकमेकींना चिकटून होत्या, कॉलेजं जवळ होती आणि कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की सायकलींची रांगच्या रांग दिसायची.

पुढे शहर पसरलं. घर एकीकडे आणि ऑफिस दुसरीकडे असा मामला झाला. बससेवा या वाढीला पुरी पडली नाही. याच पट्ट्यात स्कूटर आणि मोपेडचे कारखाने होते. अंतर वाढलं, बस मिळेना आणि हप्त्यावर दुचाकी मिळू लागली. मध्यमवर्गाने, आणि विशेषतः बायकांनी, दुचाकी घेतली, कारण वेळेवर पोहोचायचा तोच एक भरवशाचा मार्ग उरला होता. २०१८ मध्ये तर पुण्यातली नोंदणीकृत वाहनं शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या.

पण सायकल संपली का? नाही. पहाटे डोंगराकडे निघालेले हेल्मेटवाले सायकलस्वार आपल्या स्टोरीजमध्ये दिसतात. जे दिसत नाहीत ते म्हणजे रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, बांधकामावरचे मजूर, पेपर टाकणारी मुलं. त्यांच्यासाठी सायकल हा छंद नाही, तो बसच्या तिकिटाचा वाचलेला खर्च आहे. शहराचं नियोजन करताना हा सायकलवाला बहुतेकदा विसरला जातो.

स्मार्ट सिटीत नेमकं काय ठरलं होतं?

मुळात याची सुरुवात स्मार्ट सिटीच्याही आधीची. २००६च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने एक महत्त्वाची गोष्ट मांडली होती: रस्त्यांचं नियोजन वाहनं हलवण्यासाठी नको, माणसं हलवण्यासाठी हवं.

२५ जून २०१५ला स्मार्ट सिटी मिशन सुरू झालं. १०० शहरं निवडायची, प्रत्येक शहराला केंद्राकडून पाच वर्षांत साधारण ५०० कोटी आणि जवळपास तेवढाच वाटा राज्य व महापालिकेचा, अशी रचना होती. मिशनच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये चालण्यायोग्य परिसर तयार करा, रस्ते फक्त गाड्यांसाठी नाही तर पादचारी आणि सायकलस्वारांसाठीही करा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

जानेवारी २०१६ला पहिल्या २० शहरांची यादी आली. भुवनेश्वर पहिलं, पुणे दुसरं. बरोबर एका वर्षाने, २५ जून २०१६ला, पंतप्रधानांनी पुण्यातच या कामांचा शुभारंभ केला. पुण्याने औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग ‘आदर्श’ म्हणून विकसित करायला निवडला.

कागदपत्रांच्या बाबतीत पुणे देशात पुढेच होतं. २०१६ मध्ये पादचारी धोरण झालं. रस्ते कसे असावेत याची शहराची स्वतःची मार्गदर्शिका झाली. २०१७च्या अखेरीस सर्वंकष सायकल आराखड्याला मुख्य सभेने मान्यता दिली, त्यात ८००हून जास्त किलोमीटरचं सायकल मार्गांचं जाळं होतं. जंगली महाराज रस्ता आणि औंधच्या डीपी रोडवर रुंद फूटपाथ, बसायला बाकडी, झाडांभोवती मोकळी जागा असं काम झालं. त्याचे फोटो देशभर फिरले.

यात कौतुक करण्यासारखं खरंच आहे. संध्याकाळी जे. एम. रोडवर आजी-आजोबा बाकावर बसलेले आणि मुलं खेळताना दिसतात. जागा दिली की लोक चालतात, हे या रस्त्याने सिद्ध केलं.

मग अडलं कुठे?

अडचण १: रस्ते सुंदर झाले, पण तुकड्यातुकड्यात

समजा, तुमच्या नळाला घरापर्यंत उत्तम पाइप आहे, पण मध्ये दोन ठिकाणी तो तुटलाय. पाणी येईल का? फूटपाथ आणि सायकल ट्रॅकचंही तसंच आहे. ९०० मीटर चकाचक आणि पुढचे १०० मीटर गायब असतील, तर त्या १०० मीटरसाठी तुम्हाला गाड्यांच्या गर्दीत उतरावंच लागतं. शाळेत जाणाऱ्या मुलाला सायकल द्यायची की नाही हे आईवडील रस्त्याचा सगळ्यांत धोकादायक तुकडा बघून ठरवतात.

स्मार्ट सिटीची रचनाच ‘एक भाग निवडा आणि तो चमकवा’ अशी होती. त्यामुळे प्रकल्प पूर्ण झाले, जाळं पूर्ण झालं नाही. नाशिकमध्येही त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा जेमतेम एक किलोमीटरचा ‘स्मार्ट रोड’ झाला. रखडलेल्या कामामुळेच तो जास्त गाजला. एका रस्त्याने शहराचं चालणं बदलत नाही.

अडचण २: पार्किंगला हात लावायची कोणाची तयारी नाही

रस्त्याची रुंदी रबरासारखी ताणता येत नाही. फूटपाथला जागा द्यायची तर ती कुठून तरी घ्यावी लागते आणि ती बहुतेकदा फुकटच्या पार्किंगमधून घ्यावी लागते. इथेच गाडी अडते.

पुण्याचं पार्किंग धोरण मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेत मंजूर झालं. मूळ प्रस्ताव शहरभराचा होता. विरोध झाल्यावर तो प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरता उरला आणि तिथेही प्रत्यक्षात आला नाही.

फूटपाथवरच्या अतिक्रमणाची चर्चा निघाली की बोट लगेच पथारीवाल्यांकडे जातं. त्यांच्यासाठी २०१४चा फेरीवाला कायदा आहे, त्यानुसार जागा नेमून देणं हे पालिकेचंच काम आहे. पण एकदा तुमच्या घराजवळच्या फूटपाथवर नीट बघा. भाजीची टोपली जास्त जागा खाते की चढवलेल्या दुचाक्या, विजेचे डीपी बॉक्स, दुकानाचे पाटे, बंगल्यांचे उतार आणि राजकीय फ्लेक्सचे सांगाडे? टोपली उचलून नेणं सोपं असतं. कारला दंड करणं अवघड असतं.

अडचण ३: चालायला जागा दिली, पण ओलांडायचं कसं?

हा मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. माणूस साधारण सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून सिग्नलचं गणित करतात. २४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्याला २० सेकंद हवेत. काठी टेकणाऱ्या आजींना किंवा कडेवर बाळ असलेल्या बाईला त्याहून जास्त.

आता तुमच्या चौकातला पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद असतो ते मोजून बघा. म्हणजे मुळात तो दिवा असेल तर. अनेक ठिकाणी एका बाजूच्या गाड्या थांबतात तेव्हा दुसरीकडून वळणाऱ्या सुटतात, म्हणजे पादचाऱ्याची पाळी कधी येतच नाही. त्याला हात दाखवत, देवाचं नाव घेत पळावं लागतं.

त्यात आपल्याकडे ‘पादचाऱ्यांची सोय’ म्हणून पूल किंवा भुयारी मार्ग बांधतात. नीट बघितलं तर ती सोय गाड्यांची असते. गाडीला थांबावं लागू नये म्हणून गुडघे दुखणाऱ्या माणसाने दोन मजले चढायचे आणि उतरायचे.

अडचण ४: केलेलं टिकवायचं कोणी?

स्मार्ट सिटीची कामं करायला प्रत्येक शहरात वेगळी कंपनी काढली गेली. रस्ता पालिकेचा, खोदणार वीज, पाणी आणि केबलवाले, सिग्नल आणि दंड वाहतूक पोलिसांकडे, बस पीएमपीकडे, मेट्रो महामेट्रोकडे. एवढ्या सगळ्यांत ‘पादचारी माझी जबाबदारी’ असं म्हणणारा एकही विभाग नाही.

आणि योजनेला मुदत होती. ती अनेकदा वाढवून शेवटी ३१ मार्च २०२५ला मिशन संपलं. पेव्हर ब्लॉक उखडला तर तो आता पालिकेच्या नेहमीच्या देखभालीच्या पैशातूनच बसणार.

राजकीय वारा बदलला की काय होतं याचंही उदाहरण पुण्यातच आहे. देशातला पहिला बीआरटी प्रयोग २००६ला इथेच सुरू झाला आणि त्या रस्त्यांलगत सायकल ट्रॅकही बांधले गेले. पुढे त्यातले बरेच ट्रॅक पार्किंग आणि टपऱ्यांखाली गेले. नगर रस्त्यावर तर कोंडीचं कारण देऊन बीआरटीचा मार्गच काढायला घेतला. औंधमधले रुंद फूटपाथ कमी करा, अशा मागण्याही झाल्या.

आणि त्या भाड्याच्या सायकलींचं काय झालं?

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात ॲपवर सायकल भाड्याने मिळू लागली. झूमकारची ‘पेडल’, मग ‘ओफो’, ‘मोबाईक’, ‘युलू’ अशा कंपन्या आल्या आणि रस्त्यांवर रंगीबेरंगी सायकली दिसू लागल्या. काही महिन्यांतच तुटलेल्या सीट, नदीपात्रात टाकलेल्या सायकली आणि सोसायटीत लपवून ठेवलेल्या सायकली यांचे फोटोही आले. ‘ओफो’ने २०१८ मध्येच भारतातून गाशा गुंडाळला. बाकीच्याही हळूहळू दिसेनाशा झाल्या. ‘युलू’ नंतर इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळली.

‘पुणेकरांना कदर नाही’ असं म्हणून तेव्हा विषय संपवला गेला. चोरी आणि मोडतोड झाली हे खरंच आहे. पण सायकल दिली आणि ती चालवायला सुरक्षित रस्ता दिला नाही, तर हौस फिटल्यावर ती कोण वापरणार? आधी रस्ता, मग सायकल हा क्रम उलटा झाला.

‘हे आपल्याकडे शक्य नाही’ खरंच का?

स्पेनमधलं सेव्हिल हे शहर बघा. उन्हाळ्यात तिथे पारा ४० अंशांवर जातो, त्यामुळे उन्हाचं कारण तिथेही चाललं असतं. २००६-०७च्या सुमारास या शहराने साधारण ८० किलोमीटरचं, गाड्यांपासून वेगळं आणि एकमेकांना जोडलेलं सायकल जाळं जवळपास एका दमात बांधलं. त्याआधी तिथे सायकलचा वापर नगण्य होता. काही वर्षांतच रोजच्या सायकल फेऱ्या दहापटीच्या आसपास वाढल्या. आधी एक रस्ता करून बघू, लोक आले तर पुढचा करू, असं त्यांनी केलं नाही. सलग जाळं दिलं आणि मग लोक आले.

परदेश नको असेल तर चेन्नई घ्या. २०१४ला तिथल्या महापालिकेने धोरण केलं की वाहतुकीच्या बजेटमधला किमान ६० टक्के वाटा चालणं आणि सायकलसारख्या साधनांसाठी ठेवायचा. त्यानंतर फूटपाथची कामं अनेक रस्त्यांवर झाली आणि पाँडी बझारसारख्या गजबजलेल्या बाजारात २०१९ मध्ये पादचारी प्लाझा उभा राहिला. सगळं काही आदर्श झालं असं नाही, पण फूटपाथला बजेटमध्ये हक्काची जागा मिळाली.

‘गाड्यांची जागा घेतली तर कोंडी वाढेल’ ही भीती रास्त वाटते. पण रस्त्याची क्षमता गाड्यांत मोजायची की माणसांत? अमेरिकेतली ‘नॅक्टो’ ही शहरी वाहतूक संस्था सांगते की साधारण तीन मीटर रुंदीच्या एका लेनमधून तासाला खासगी गाड्यांतून ६०० ते १,६०० माणसं जातात. तीच जागा सुरक्षित सायकल मार्गाला दिली तर ७,५०० आणि फूटपाथला दिली तर ९,००० माणसं जाऊ शकतात.

व्यापाऱ्यांचा प्रश्नही खरा आहे: गाडी थांबली नाही तर गिऱ्हाईक येईल का? यासाठी पुण्यातच एक छोटा प्रयोग होतो. २०२१ पासून पालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन करते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. लोक गर्दी करतात. एका दिवसावरून वर्षाचा धंदा ठरत नाही हे मान्य. मग पार्किंग आणि बसची सोय करून महिन्यातून काही दिवस हे करून बघायला काय हरकत आहे? निदान दोन्ही बाजूंना भांडायला आकडे तरी मिळतील.

आता कोर्ट काय म्हणतंय?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. अडथळे नसलेला फूटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ खाली, म्हणजे जगण्याच्या हक्काखाली येतो. फूटपाथ दिव्यांगांनाही वापरता आले पाहिजेत, त्यांच्यावरची अतिक्रमणं काढली पाहिजेत आणि राज्यांनी यासाठी मार्गदर्शक तत्त्वं केली पाहिजेत, असं न्यायालयाने सांगितलं.

याचा अर्थ काय? फूटपाथ हा आता ‘सुशोभीकरणा’चा विषय राहत नाही. तो हक्काचा विषय होतो. मोजमापही उपलब्ध आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी जाऊ शकतील एवढी. बाजारपेठेत त्याहून जास्त. आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर चढताना गुडघा बोलतो.

मग तुम्ही काय विचारायचं?

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. जानेवारी २०२६च्या निवडणुकीनंतर आता प्रश्न विचारायला हक्काची माणसं आहेत. प्रचारात उड्डाणपूल आणि बोगदे सगळ्यांनीच ऐकवले. तुमच्या प्रभागात हे चार प्रश्न विचारून बघा:

१. घरापासून जवळची शाळा, बस स्टॉप आणि मेट्रो स्टेशन इथपर्यंत सलग फूटपाथ आहे का? नसेल तर तुटलेले तुकडे कधी जोडणार?

२. आपल्या चौकात पादचाऱ्यांसाठी सिग्नल आहे का आणि तो किती सेकंदांचा आहे?

३. रस्ता खोदल्यावर फूटपाथ पूर्ववत करायची जबाबदारी कोणाची आणि मुदत किती?

४. २०१७च्या सायकल आराखड्यातले किती किलोमीटर मार्ग आज प्रत्यक्षात वापरता येतात?

यातल्या एकाही प्रश्नाला ॲप, सेन्सर किंवा कंट्रोल रूम लागत नाही. टेप, घड्याळ आणि अर्धा तास पुरतो. उत्तर तोंडी मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

आणि शहर स्मार्ट झालंय का हे तपासायची एक सोपी कसोटीही यातूनच मिळते. तुमच्या घरातलं दहा वर्षांचं मूल आणि सत्तर वर्षांची आजी कोणाची सोबत न घेता कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन परत येऊ शकतात का? तुमच्या भागात याचं उत्तर काय आहे, कमेंटमध्ये नक्की सांगा.